सिंड्रेलाचा बूट आणि जातीचा दाखला

परवा एका कविसंमेलनात चहाच्या वेळी एक प्रस्थापित कवी मला म्हणाला, "तुम्ही लोक परीकथेतसुद्धा जात काढाल. जरा सिंड्रेला वाचा. प्रेम राखेतल्या पोरीला राणी करतं." म्हटलं, वाचतो. वाचली. दोस्तांनो, ती पोर राखेतली नाहीच!

आपण ऐकतो ती गोष्ट शार्ल पेरो या फ्रेंच माणसानं १६९७ साली छापली. चौदाव्या लुईची सरकारी चाकरी केलेला इसम. त्याच्या गोष्टीत पोरीचा बाप खानदानी उमराव आहे. सावत्र आई आली म्हणून पोर चुलीपाशी ढकलली गेली. म्हणजे वरच्या फळीवरचा माल चुकून खाली पडला होता, तो गोष्टीनं उचलून परत वर ठेवला. यात क्रांती कसली?

जे खरोखर खालचे आहेत त्यांचं काय होतं ते बघा. परी उंदरांचे घोडे करते, घुशीचा मिशाळ गाडीवान करते, सहा सरड्यांचे वर्दीवाले नोकर करते. बाराचे टोले पडले की सगळे परत बिळात. काचेचा बूट तेवढा टिकतो, सरड्याच्या अंगावरची वर्दी टिकत नाही. रात्रभर गाडी हाकलेल्या त्या घुशीला कुणी मजुरी दिली का, हे पेरोनं लिहिलेलं नाही.

त्याच गोष्टीत एक जागा आहे, तिथं मी थांबलो. पोर पळते, राजपुत्र मागं. फाटकावरच्या पहारेकऱ्यांना विचारतात, इथून राजकन्या गेली का? ते म्हणतात, नाही बुवा, एक फाटक्या कपड्यातली पोरगी गेली, खेडवळ दिसत होती. तोंड तेच, पाय तेच. लुगडं बदललं की माणूस दिसेनासा होतो. गोदीच्या गेटवर हे मी रोज बघतो. गळ्यात पास असला तर कामगार, पास घरी राहिला तर पाच वर्षं ओळखणारा वॉचमनही विचारतो, "ए, कुठं चाललास?"

आणि तो राजपुत्र! रात्र रात्र नाचला, पण तोंड लक्षात नाही, त्याला बूट लागतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन गोष्टीत तर एक बहीण पायाचं बोट कापून बूट घालते, दुसरी टाच कापून, आणि हा हिरो दोघींना एकामागून एक गाडीत घालून निघतो. पाखरं ओरडतात, अरे बुटात रक्त आहे, तेव्हा साहेब खाली बघतात. च्यायला, याला प्रेम म्हणायचं?

पेरोकडे बूट घेऊन निघालेला माणूस आधी राजकन्यांकडे जातो, मग सरदारणींकडे, मग दरबारी बायकांकडे. उतरंड मोडायची नाही. आपल्याकडं या बुटाला कुळी म्हणतात, पोटजात म्हणतात, जाहिरातीत 'अनुरूप स्थळ' म्हणतात. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २०१४ साली आपल्या एका शाळकरी पोराला मारून टाकलं. सवर्ण मुलीशी बोलतो एवढाच संशय, असा खटला उभा राहिला. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. त्या पोराच्या पायाचं माप घ्यायला कुणी गेलं नव्हतं.

याहून जुनी एक गोष्ट आहे. स्ट्रॅबो या ग्रीकानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली. रोडोपिस नावाची गणिका. गरुड तिची चप्पल उचलून इजिप्तच्या राजाच्या मांडीवर टाकतो. हिरोडोटस तर सांगतो की ती गुलाम होती. पेरोच्या दरबारी गोष्टीत त्या जागी उमरावाची लेक येऊन बसलीय. शेवटी पेरो स्वतःच कबुली देतो की अक्कल, हिंमत, कुळ सगळं असलं तरी गॉडफादर किंवा गॉडमदर नसेल तर उपयोग नाही. सरळ मराठीत, वशिला!

माझी आई जन्मभर लोकांची भांडी घासत आली. तिला ही गोष्ट सांगितली. सगळं ऐकून म्हणाली, "आन् ती गेल्यावर त्या घरची राख कोन काढायचं रं?" पेरोकडं उत्तर नाही. सावत्र बहिणींनाही सिंड्रेला राजवाड्यात नेते, सरदारांशी लग्नं लावून देते. राखेला दुसरी कुणी आली असणार. तिचा बाप उमराव नसणार.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना सांगितलं, जिच्यावरून तुमची जात ओळखतात ती लुगडं नेसायची तऱ्हा बदला, ते दागिने टाका. त्यांनी बदललं. कुठली परी आली नव्हती, आणि बाराच्या टोल्याला ते लुगडं सुटलंही नाही.

आता आपलं. मीटिंगमध्ये आपण समतेवर तासभर बोलतो, वरच्या आळीतल्या पोरीवर कविता वाचतो, तिनं आपल्याला निवडावं म्हणून झुरतो. चहा कुणाची तरी बहीण करते. मागच्या खेपेला मी आईचा प्रश्न मीटिंगमध्ये काढला. सगळे हसले. मीही हसलो. कप तिथंच पडले होते, ते माझ्या बहिणीनं गोळा केले आणि मोरीत नेले. कविता तिलाही येतात, तिला वाच म्हणून कुणी म्हणालं नाही, मीही नाही. पुढच्या मीटिंगला कप कोण विसळणार ते आधी ठरवा, मग मला प्रेमाची कविता ऐकवा.