नळ गेल्यावर पाइप काय ओढतो

नळाला पाणी सुटलं की फुटका पाइप पाणी बाहेर टाकतो, ते सगळ्यांना दिसतं. नळ गेल्यावर तोच पाइप बाहेरचं पाणी आत ओढतो, ते मात्र कुणाला दिसत नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे की पावसाळा लागण्याआधी एक रात्र आणि एक सकाळ काढून आपल्या घराची पाण्याची लाइन तपासा. पाणी वाचेल हे खरंच, पण मला जास्त काळजी माठातल्या पाण्याची आहे.

आपल्याकडे नळ चोवीस तास चालत नाही. पाळीने पाणी येतं, थोडा वेळ चालतं, जातं. पुरवठा बंद झाला की लाइनीतलं उरलेलं पाणी उताराकडे उतरतं आणि मागे पोकळी तयार होते. ती भरायला जिथे भोक असेल तिथून जे मिळेल ते आत शिरतं. आपल्या गल्ल्यांत घरचं कनेक्शन बहुतेक ठिकाणी नाली ओलांडून येतं, म्हणजे भोकाशेजारी नालीचंच पाणी असतं. कुणी टिल्लू पंप थेट नळाला जोडला असेल तर ही ओढ कितीतरी वाढते, आणि शेजारच्या गळक्या जोडातून ओढलेली घाण दोन्ही घरांत जाते. ज्यांनी टिल्लू लावला आहे त्यांनी तो काढावा, हे मी हात जोडून सांगतो. पाणी आधी जमिनीतल्या टाक्यात पडू द्या आणि तिथून पंपाने वर चढवा.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. ती हेपॅटायटिस ई जातीची कावीळ होती. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की ती पसरते, आणि गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जिवावर बेतते. गॅस्ट्रो, विषमज्वर, कॉलरा यांचीही वाट हीच. घरात लेक-सून गरोदर असेल, तान्हं मूल असेल, तर तपासणीला उद्याचाही दिवस लावू नका.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याला आणखी एक त्रास आहे. इथलं जमिनीतलं पाणी खारट, म्हणून वान नदीवरच्या हनुमान सागरातून १४० गावांच्या योजनेने गोडं पाणी आणावं लागतं. इतक्या लांबून आलेलं पाणी आपल्या दारातल्या कोपऱ्यात जिरून जाणं मनाला लागतं. त्यातून आपली माती काळी. मे महिन्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि दर वर्षी पुरलेल्या पाइपाचे जोड हलवते. मातीतला खार लोखंडी जीआय पाइपाला बाहेरून खातो. वरून पाइप धड दिसतो, खालच्या बाजूने चाळणी झालेली असते. म्हणून नाली ओलांडणाऱ्या पाइपाच्या खालून हात फिरवून पाहा, नुसतं वरून पाहून समाधान मानू नका.

आता तपासणी. प्लंबर बोलावण्याआधी अर्धं काम तुम्हीच करू शकता, आणि ते केलंत तर तो उगाच फरशी फोडणार नाही.

रात्री सगळे झोपायच्या वेळी घरातले सगळे नळ बंद करा. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे तिथे आतून खडूने खूण करा, किंवा सरळ काठी बुडवून ओल्या जागी रेघ मारा. त्या रात्री टाकीत पाणी चढवू नका आणि संडासाचा फ्लश वापरू नका, बादली वापरा. सकाळी पुन्हा मोजा. १००० लिटरच्या साध्या गोल टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे नऊ-दहा लिटर गेलं. जमिनीतलं चौकोनी टाकं असेल तर आतली लांबी आणि रुंदी मीटरमध्ये गुणा आणि त्याला दहाने गुणा, तितके लिटर दर सेंटिमीटरमागे. दोन मीटर बाय दीड मीटरच्या टाक्यात एक सेंटिमीटर म्हणजे ३० लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचं माप धरलं आहे. टाक्यातलं पाणी रात्रीत दोन सेंटिमीटर उतरलं, तर एका माणसाचं दिवसभराचं पाणी गेलं, तेही कुणी नळ न उघडता.

पाणी उतरलं तर दुसऱ्या रात्री टाकीच्या बुडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करून हाच प्रयोग करा. व्हॉल्व्ह बंद असतानाही पाणी उतरलं तर टाकीच गळते आहे, बहुधा पाइप टाकीला जोडतात त्या निपलपाशी. उतरलं नाही तर टाकी चांगली आहे, गळती खालच्या पाइपात किंवा नळात. एवढ्या एका गोष्टीने निम्मं घर बाजूला होतं. ज्यांच्याकडे नळ उघडला की आपोआप चालू होणारा प्रेशर पंप आहे त्यांना आणखी सोपं. सगळे नळ बंद असताना रात्री पंप मध्येच गुरगुरला तर पाणी कुठेतरी जातंय, हे नक्की समजा.

संडासाची फ्लश टाकी ही सर्वांत लबाड जागा, कारण तिथलं पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं. टाकीत कपड्याची नीळ थोडी टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळी धार दिसली तर आतलं रबर बदला, काम फार मोठं नाही. टपकणाऱ्या नळाखाली तासभर पातेलं ठेवा आणि जमलेलं पाणी मापाने मोजा. अर्धा लिटर भरलं तर दिवसाचे १२ आणि महिन्याचे ३६० लिटर होतात. जुन्या पितळी नळात बहुतेक वेळा फक्त वायसर झिजलेलं असतं.

जमिनीखालची किंवा भिंतीतली गळती शोधायला कान लागतो. गल्ली शांत झाल्यावर, पाणी सुटलेलं असताना, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपाला टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. गळतीजवळ सततचा सूं आवाज येतो. काळी माती पाणी पिऊन घेते, त्यामुळे गळती वर दिसेलच असं नाही. पण भर एप्रिलमध्ये अंगणात एकाच जागी हिरवं गवत उगवलं तर तिथे खणून पाहा. ओल नळाची आहे की दुसरीकडून झिरपलेली, हे ठरत नसेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ते पाणी ओटी टेस्टसाठी द्या. पिवळा रंग आला तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचंच पाणी. मातीतून झिरपताना क्लोरीन कधी कधी संपून जातं, म्हणून रंग आला नाही तरी नळावरचा संशय लगेच सोडू नका.

दुरुस्तीत आपली जुनी सवय सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळण्याची. पाणी सुटल्यावर ती गळती अडवते, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण पाइप आतून ओढू लागला की पट्टीच्या कडेने घाण आत जाते. नालीतल्या पाइपावर ट्यूब बांधणं म्हणजे रोग झाकून ठेवणं, आणि हे मी कुणाला दुखवायला म्हणत नाही. पट्टी आठवड्यापुरती ठीक, नंतर तो तुकडाच बदला. जमलं तर नवा पाइप नालीच्या वरून न्या. खालूनच न्यावा लागला तर मोठ्या पाइपाच्या आतून न्या आणि नालीच्या पात्रात एकही जोड येऊ देऊ नका. एम-सीलचंही तसंच. पाइप कोरडा, घासून स्वच्छ केलेला आणि पाण्याविना असेल तरच ते धरतं.

प्लास्टिक पाइप जोडताना शेतातला उरलेला पाइप घराला लावू नका. तो उन्हात ठिसूळ होतो, आणि आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. सीपीव्हीसी पाइपाला सीपीव्हीसीचंच सोल्यूशन लागतं, यूपीव्हीसीचं चालत नाही. पाइप सरळ कापा, कडेचे बुरे काढा, कोरडा पुसा, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावा, पाव फेरा फिरवत आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. एक दिवस तरी पाणी सोडू नका. बरेचसे नवे जोड गळतात ते या घाईपायीच. पितळी आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुंडाळा. प्लास्टिकच्या आट्या पान्याने जोर लावून आवळल्या की तडकतात, तिथे हाताने आवळून पान्याचा थोडाच फेरा द्यावा.

जुलै २०२३ चा पूर दोन्ही तालुक्यांत कोण विसरेल? गल्लीत पुराचं पाणी उभं राहतं तेव्हा जमिनीतला प्रत्येक गळका जोड त्या पाण्यात बुडालेला असतो. पूर ओसरल्यावर पहिल्या पाळीचं पाणी पिण्याला धरू नका, सुरुवातीचं वाहू द्या. टाकी घासून धुवा, पिण्याचं पाणी उकळा किंवा त्यात मेडिक्लोर टाका. गळती मुख्य लाइनीवर असेल तर ती तुम्ही सोडवू नका. जागा आणि वेळ लिहून ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी दिसलं तरी कळवा, तिथूनही ते आत जातं.

आणि अंगणात खणून जोड बदललात, तर खड्डा त्याच संध्याकाळी बुजवू नका. फळी टाकून झाका, म्हणजे पोर-ढोर पडणार नाही. पुढच्या पाळीचं पाणी पूर्ण जोराने येऊ द्या, हात कोरडा करून जोडाखाली फिरवा, आणि हात कोरडा राहिला तरच माती लोटा.