पिकाची पैसेवारी आणि बालकाचें वजन

मराठवाड्यांतील बालकांच्या कुपोषणाची गोष्ट निघाली, कीं आम्हां सुशिक्षितांच्या तोंडीं एक उत्तर ठरलेलें असतें : आया अडाणी, मुलांस काय खाऊं घालावें हें त्यांना कळत नाहीं. हें उत्तर आम्हांस सोयीचें आहे, म्हणूनच तें तपासून पाहिलें पाहिजे.

लातूर व नांदेड या जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं एके काळीं भाकरी, वरण आणि दूध हीं तीनही त्याच्या शेतांतूनच येत. कारण ज्वारीच्या कडब्यावर गुरेंही जगत. आज तेथील खरिपांत सोयाबीनचें राज्य आहे. सोयाबीन तेलाच्या गिरणींत जातें. घरच्या चुलीवर तें शिजत नाहीं, आणि त्याला कडबाही नाहीं. मुलाचें ताट आतां बाजारभावाच्या व पावसाच्या हातीं गेलें. हा पाऊस कसा बेभरंवशाचा झाला आहे पाहा. २०१६ सालीं मांजरा धरण आटून लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. २०२५ च्या पावसाळ्यांत त्याच लातूर-नांदेडांत अतिवृष्टीनें उभीं पिकें बुडालीं. पीक गेलें, कीं कर्ज थकतें, वाणी उधार देईनासा होतो, आणि ताटांतून प्रथम डाळ व दूध नाहींशीं होतात. यांत आईचें अज्ञान कोठें आलें? दुधाचें महत्त्व ती जाणते. दूध तिच्या घरीं नाहीं.

आतां सरकारची दृष्टि पाहा. पैसेवारी पन्नास पैशांखालीं गेली, कीं शेतसाऱ्यांत सूट, कर्जवसुलीस स्थगिति, वीजबिलांत सवलत. हें सर्व योग्यच. पण अंगणवाडींत मुलांचें वजन ज्या वहींत टिपतात, त्या वहीला पैसेवारीच्या हिशेबांत स्थान नाहीं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आहेत. दुष्काळी भागांतील शाळांत उन्हाळी सुटींतही जेवण द्यावें, आणि त्यांत अंडें, दूध वा तत्सम पोषक पदार्थ असावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ च्या मे महिन्यांत बजावलें होतें. महाराष्ट्रांत शाळेच्या आहारांत अंडें आलें तें २०२३ च्या अखेरीस. आणि २०२५ च्या जानेवारींत सरकारनें त्याचा पैसा थांबवून तें लोकसहभागावर सोंपविलें. ज्या गांवांत पीकच बुडालें, तेथें सहभाग कोणी द्यावयाचा?

कोणी म्हणेल, तिजोरींत पैसा कोठें आहे? त्यास आमचें उत्तर हें कीं, पीक पुढल्या मृगावर पुन्हां पेरतां येतें. दोन वर्षांच्या आंतील मुलाची खुंटलेली वाढ सहसा भरून येत नाहीं. यास्तव ज्या गांवची पैसेवारी पन्नासाखालीं उतरेल, तेथील अंगणवाडींत व शाळेंत त्याच महिन्यापासून दूध, डाळ व अंडें वाढीव मिळावें. आणि तें दया म्हणून नव्हे, तर शेतसाऱ्याच्या सुटीइतक्याच हक्कानें. जमिनीस जी सवलत मिळते, ती जमीन कसणाराच्या लेंकरास नाकारणें हा न्याय नव्हे.