कोटितीर्थाचा धडा, वर्धेचा काठ



रुक्मिणीचे माहेर मानल्या जाणाऱ्या कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी उभे राहिले की चित्रकाराचा हात शिवशिवतो. देऊळ, घाट, नदीचे पात्र, पैलतीरावरची शेते: सगळेच कागदावर यावेसे वाटते. विद्यार्थी नेमका इथेच अडतो. काय घ्यायचे हे त्याला दिसते. काय सोडायचे हे कळत नाही. ते कळते थोरांच्या चित्राची अनुकृती करताना.

अनुकृतीची लाज बाळगण्याचे कारण नाही. १८७२ पासून पुढे १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. पुढे ते व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले.

मात्र छापील चित्र चौकटी आखून उतरवणे म्हणजे अनुकृती नव्हे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांचे एखादे निसर्गचित्र वर्गात लावा. पेन्सिल हातात देण्याआधी मुलांना डोळे किलकिले करून छटा मोजायला सांगा. गडद, मध्यम, उजळ. बहुतेक वेळा एवढ्यावरच चित्र उभे असते. मग विचारा: आधी काय रंगवले असेल? कोणती कड ओली असताना मिसळली, कोणती वाळू दिली? अनुकृतीत शिकायचा तो हा क्रम.

त्यानंतर मुलांना काठावर न्या. आबालालांचे कोल्हापुरी रंग इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. चैत्रातल्या उन्हात नांगरलेली काळी जमीन काळी दिसत नाही; ती जांभळट राखाडी दिसते. ट्यूबमधला काळा बाजूला ठेवून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळू द्या. कवेलूंच्या छपरावर ऊन पडले असेल तिथे रंग पातळ ठेवा, नाहीतर कागदच मोकळा सोडा. धुऱ्यावरच्या बाभळीचे एकेक पान काढण्याऐवजी तिच्या सावलीचा आकार धरा.

अनुकृतीखाली मूळ चित्रकाराचे नाव लिहायला लावा. तो संस्कारही शिक्षणाचाच भाग आहे. शेवटी दोन्ही कागद शेजारी मांडा. शिकलेला क्रम उपयोगी पडला, पण रंग मात्र नव्याने शोधावा लागला, ती जागा विद्यार्थ्यालाच बोटाने दाखवू द्या. त्याचे स्वतःचे चित्र तिथून सुरू झाले आहे.