सीडी फेकू नका, घरभर वाजवा!

मित्रांनो, सीडी आता दोनच ठिकाणी सापडते. एक, सीनियर्सच्या जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या मागच्या पाकिटात. आणि दुसरं, घरच्या माळ्यावरच्या खोक्यात, जो आई दर दिवाळीला भंगारवाल्यासाठी बाहेर काढते. माझं म्हणणं सरळ आहे. तो खोका जाऊ देऊ नका. त्यातली गाणी एकदा कॉम्प्युटरवर उतरवा आणि घरच्या वायफायवरून प्रत्येक खोलीत वाजवा.

यावर माझी रूममेट म्हणते, "काहून एवढा ताप? सगळंच तर मोबाईलवर आहे." खरंच सगळं आहे का? भीमसेनजी आहेत, लतादीदी आहेत, रहमान आहे, मान्य. पण आपला भाग झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात, रात्रभर नाटक चालतं, गाणी स्टेजवरच गायली जातात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मी कॉन्व्हेंटची, दंडार म्हणजे काय हे मला कॉलेजात आल्यावर एका मैत्रिणीकडून कळलं. तिच्या घरी त्यांच्या गावच्या दंडारीची एक सीडी आहे, कुणीतरी रेकॉर्ड करून बर्न केलेली. ती कुठल्याच अ‍ॅपवर नाही. त्यात गाणारे तिचे आजोबा आता नाहीत. ती सीडी गेली की तो आवाज गेला!

आणि ती जाणार, हे नक्की. विकत घेतलेल्या सीडीत माहिती प्लास्टिकमध्ये दाबलेल्या बारीक खड्ड्यांत असते. घरी बर्न केलेल्या सीडीत मात्र ती एका रंगाच्या थरात असते आणि ऊन व उष्णतेने तो थर खराब होत जातो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, मग पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल? म्हणून हे काम "बघू पुढच्या वर्षी" म्हणण्यासारखं नाही.

आता थोडं गणित, शेवटी आपण इंजिनिअर! १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हापासून तिचं माप एकच आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिट्सचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनल. गुणाकार करा, सेकंदाला साधारण १४ लाख बिट्स. एका तासाचे सुमारे ६३५ एमबी. एक-एक तासाच्या शंभर सीडी धरल्या तर ६४ जीबीच्या आत. 'फ्लॅक' या फॉरमॅटमध्ये ठेवल्या तर एकही बिट न गमावता जागा अजून बरीच कमी लागते. म्हणजे बाबांचा अख्खा खोका बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये बसतो.

वाजवायला ब्लूटूथ का नको? कारण त्याचा नेहमीचा कोडेक गाणं दाबून सेकंदाला सव्वातीन लाख बिट्सच्या आसपास आणतो, फोन आला की गाणं थांबतं, आणि दुसऱ्या खोलीत गेलं की आवाज तुटतो. वायफायला हे ओझं काहीच नाही. १९९९ चं जुनं वायफायसुद्धा कागदावर ११ एमबीपीएसचं होतं, आपल्याला लागतात दीड. शिवाय सर्व्हर प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहून पाठवतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला आणि ओसरीतला स्पीकर एकाच क्षणी वाजतो, घुमत नाही.

सगळ्यात मोठा मुद्दा, यासाठी इंटरनेट लागतच नाही! राऊटर, कॉम्प्युटर, स्पीकर सगळं घरातच. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. आतल्या गावांत रेंजचे हाल वेगळे सांगायला नकोत. लाईट आहे किंवा इन्व्हर्टर आहे, एवढं पुरे.

फक्त एक काळजी घ्या. कंपनीच्या सर्व्हरशिवाय मुकी होणारी महाग सिस्टिम घेऊ नका. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हे वायफाय प्लेअर २०१२ मध्ये बंद केले, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी ते डबे आजही वाजतात, कारण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं होतं आणि लोकांनी ते 'लिरियन' या नावाने चालू ठेवलं. हेच सॉफ्टवेअर आपल्या जुन्या लॅपटॉपवर फुकट चालतं. घरचा जुना डेक असेल तर त्याच्या ऑक्स-इनला एक रास्पबेरी पाय जोडा. झाला तुमचा वायरलेस स्पीकर!

कायद्याचंही सांगते. आपल्या सीडीची आपल्या घरी ऐकण्यासाठी कॉपी करणं वेगळं, आणि अख्ख्या हॉस्टेलला वाटणं वेगळं. दंडारीच्या सीडीबाबत तर आणखी जपा. ज्यांचा आवाज आहे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती पुढे पाठवू नका. आणि गाणाऱ्याचं नाव, गाव, साल फाईलमध्ये लिहा. नाव नसलेलं रेकॉर्डिंग अर्धं हरवलेलंच.

आता अडचण एकच, नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. पण जुन्या लॅबच्या कपाटात असे ड्राइव्ह पडून असतील. सर, मॅडम, माझी विनंती आहे की यंदाच्या गॅदरिंगच्या आठवड्यात लायब्ररीत दोन कॉम्प्युटर फक्त यासाठी द्यावेत. मुलांनी घरून सीडी आणायच्या, एका सीडीला दहा-पंधरा मिनिटं, आणि सीडी परत घेऊन जायच्या. खर्च जवळपास शून्य.

तेव्हा मित्रांनो, दिवाळीला घरी जाल तेव्हा माळ्यावर चढा. फराळाच्या डब्याबरोबर तो खोकाही घेऊन या!