सुई नाही म्हणून इंजेक्शन नाही?

नेझोलेबियल फोल्डच्या फिलरवर आपण लेख छापले, त्यावर आलेली बहुतेक पत्रे तंत्राबद्दल नाहीत. कॅन्युला की सुई, आधी गालाला आधार द्यावा की थेट घडीत उतरावे, हे वाद परिषदांमध्ये होतच असतात. पत्रांमधला संताप आहे तो पार्लरमध्ये सर्रास चाललेल्या फिलरवर, आणि त्याहून जास्त, तक्रार केल्यावर मिळणाऱ्या उत्तरांवर.

जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या एका सहकाऱ्याचे पत्र पाहा. पार्लरमध्ये ‘हायलुरॉन पेन’ने हास्यरेषा भरून घेतलेली बाई तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे आली. नाकपुडीच्या कडेपासून वरच्या ओठापर्यंत जांभळी जाळी, त्यावर बारीक पुटकुळ्या. पार्लरमध्ये बर्फ लावायला सांगितलेले, मधल्या एका दवाखान्यात हर्पिस समजून ॲसायक्लोव्हिर सुरू केलेले. दाबून सोडले तर रंग परतायला पाच सेकंद. गावात हायलुरोनिडेज मिळेना. शेवटी एका नेत्रतज्ज्ञाकडच्या १५०० युनिटच्या कुप्यांवर निभावले. नाकाची कड वाचली, ओठावर व्रण राहिला.

पुढे लेखी तक्रार. महापालिका म्हणते, हे पार्लर आहे, दवाखाना नव्हे. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे कामगार थोडेच असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही, नुसती सूचना दिली की पुरते. १९४९ चा नर्सिंग होम कायदा लावा म्हटले, तर खाट कुठे आहे? वैद्यक परिषद म्हणते, ही व्यक्ती आमच्या नोंदवहीतच नाही, कारवाई कोणावर करू? औषध निरीक्षकांना बिल आणि रिकामी कुपी हवी. आणि बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समितीचे उत्तर असे, की सुई टोचलेलीच नाही, मग हा वैद्यकीय उपचार कसा?

हे उत्तर वाचून रक्त तापते. दाबाने त्वचेखाली द्रव ढकलणे म्हणजे इंजेक्शनच, आणि खोलीवर ताबा नसल्यामुळे सुईपेक्षा वाईट. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्येच या पेनविरुद्ध जाहीर इशारा दिला. रक्तवाहिनी बंद पडणे, अंधत्व, पक्षाघात हे सगळे धोके त्यात नमूद आहेत. आपल्याकडे १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाचे कलम ३३ विचारते ते नोंदणीबद्दल. साधनाला सुई आहे की नाही, हा प्रश्न समितीने कुठून काढला?

पण आपली बाजू तरी कुठे भक्कम आहे? अशी रुग्ण आली की आपण एन्झाइम देतो, ॲस्पिरिन लिहितो, धीर देऊन घरी पाठवतो. केसपेपरवर ‘स्वेलिंग’ एवढाच शब्द. फोटो नाही, कुठे केले याची नोंद नाही. फिलरच्या खोक्यात बॅचचे स्टिकर नोंदीसाठीच दिलेले असते, ते आपल्याच क्लिनिकमध्ये खोक्यासकट कचऱ्यात जाते. उपकरणांच्या दुष्परिणामांसाठी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे, त्याचा फॉर्म किती जणांनी भरला? शनिवार-रविवारचे फिलरचे वर्ग घेणारेही आपल्यातलेच आहेत, आणि समोर कोण बसले आहे हे न विचारता प्रमाणपत्र वाटतात. ते आजच्या आज थांबले पाहिजे.

सदस्यांनो, या महिन्यापासून एवढे करा. पार्लरमधून बिघडून आलेल्या प्रत्येक रुग्णाचा, तिच्या संमतीने, तारखेसह फोटो घ्या. कोणी, कुठे, कशाने भरले ते तिच्याच शब्दांत लिहून सही घ्या. मटेरिओव्हिजिलन्सचा फॉर्म भरा. हायलुरोनिडेजच्या कुप्या क्लिनिकमध्ये ठेवा आणि मुदत तपासा. तक्रारीला आलेले प्रत्येक लेखी उत्तर, रुग्णाचे नाव झाकून, आमच्याकडे पाठवा. आरोग्यमंत्र्यांना द्यायच्या निवेदनाला ती सगळी उत्तरे एकत्र जोडायची आहेत.