पुरावा कुणाच्या हातचा?



शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेलं शिसं ओता, असं मनुस्मृतीत लिहिलंय. हे आपल्या सभांतून ऐकू येतं, पत्रकांत छापलं जातं, कॉलेजातली पोरं प्रबंधात घालतात. खाली तळटीप : मनुस्मृती. ती उघडली कुणी? एकाने दुसऱ्याचं भाषण ऐकलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं पुस्तक चाळलं, आणि तळटीप मात्र थेट मनूच्या नावाची.

वेद ऐकण्याची ती शिक्षा गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. वितळलेलं कथील आणि लाख. मनू आठव्या अध्यायात, 272व्या श्लोकात, ब्राह्मणाला माजाने धर्म शिकवणाऱ्या शूद्राच्या तोंडात आणि कानात तापलेलं तेल ओतायला सांगतो. म्हणजे क्रौर्य खरं, पत्ता चुकीचा. मग परिसंवादात एखादा पंडित उठतो, म्हणतो, श्लोक दाखवा. आपला पोरगा गप्प! शूद्राने ऐपत असली तरी धन साठवू नये, हा दहाव्या अध्यायातला 129वा श्लोक खरोखरचा मनूचा. पण त्या हशात तोही वाहून जातो. एका तळटिपेवर ते आख्खा खटला जिंकतात.

कुणी म्हणेल, संस्कृत आम्हाला शिकू दिलं कुणी? बरोबर आहे. बाबासाहेबांनाही शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. पण 1946 साली शूद्रांच्या मुळाविषयीचा ग्रंथ काढताना त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितलं की संस्कृतवर आपलं प्रभुत्व नाही, अभ्यास इंग्रजी भाषांतरांवरून केलाय. आणि लिहायचा हक्क तसूभरही सोडला नाही. ही आपली परंपरा.

तेव्हा जे पुस्तक हातात होतं त्याचंच नाव लिहा. जॉर्ज ब्यूलरचं मनुस्मृतीचं 1886चं इंग्रजी भाषांतर वाचलं, तर ब्यूलर लिहा, पान लिहा. तेही मिळालं नाही, तर लिहा : मनुस्मृती, अमक्याच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे. यात कमीपणा कसला? गोदीत सीलबंद कंटेनर येतो. आतला माल बोटवाल्याने बघितलेला नसतो, म्हणून कागदावर लिहितात : आत अमुक माल असल्याचं पाठवणाऱ्याचं म्हणणं. माल कमी निघाला तर जाब पाठवणाऱ्याला.

मधला माणूस दाखवायलाच पाहिजे, कारण तो नेहमी आपला नसतो. चार्वाकांचे मूळ ग्रंथ उरले नाहीत. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त ते भेटतात, पण विरोधकाच्या तोंडून. 'चार्वाक म्हणतो' एवढंच लिहिलं, की विरोधकाची साक्ष आपण चार्वाकाची म्हणून खपवली.

ब्यूलरची जुनी भाषांतरं आता मोबाइलवर फुकट मिळतात. ती उघडा. बाकीच्या कपाटांच्या किल्ल्या मागत राहू, भांडून मागू. पण आरोपपत्र आपण लिहितोय, साथींनो. कलम बरोबर टाका.