शोकानंतरचे कर्तव्य

दिवाळी उलटून थंडी पडू लागली, की आमच्या भागात सामन्यांचे दिवस सुरू होतात. आर्णी, दिग्रस, दारव्हा, पुसद, कोणत्याही गावी जा. चौकात कबड्डीचे, व्हॉलीबॉलचे, क्रिकेटचे फलक लागलेले दिसतात. पहिले बक्षीस कोणाकडून, दुसरे कोणाकडून, उद्‌घाटन कोणाच्या शुभहस्ते, प्रमुख पाहुणे कोण, हे सारे त्यांवर ठळक अक्षरांत छापलेले असते. खेळता खेळता एखादा गडी कोसळलाच तर त्याच्याकडे प्रथम धावून कोण जाणार, हे मात्र सहसा कोणत्याच फलकावर आढळत नाही. ही उणीव किरकोळ आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांचे लक्ष आम्ही आज एका जुन्या दुःखद घटनेकडे वेधू इच्छितो. तिला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला असला, तरी तिचा धडा अद्याप आपण पुरता गिरवलेला नाही.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूस गोव्याचा धेंपो संघ आणि दुसऱ्या बाजूस कोलकात्याचा सुप्रसिद्ध मोहन बागान. धेंपोकडून दहा क्रमांकाची जर्सी घालून खेळत होता क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन तरुण. आदल्याच हंगामात कोलकात्याच्या ईस्ट बंगालला राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि म्हणूनच धेंपोने त्याला गोव्यास आणले होते. त्या दिवशी त्याने एक गोल केला. सामना संपावयास थोडाच अवधी उरला असता दुसराही केला. हा दुसरा गोल करतानाच समोरून झेपावलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो खाली कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. चेंडू जाळ्यात गेला होता, सामना धेंपोने २-० असा जिंकला होता. पण ज्याने तो जिंकून दिला, त्याला रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी मृत घोषित केले. त्याचे हृदय बंद पडल्याचे निदान पुढे झाले.

गोव्यात फुटबॉल हा केवळ खेळ नाही. १८८३ साली शिवोलीत एका ब्रिटिश धर्मोपदेशकाने हा चेंडू आणला असे मानतात. तेव्हापासून तेथील गावागावांत, देवळाच्या पटांगणावर आणि चर्चच्या आवारातही, तो उसळत आला आहे. अशा भूमीवर चषक येण्याचा दिवस हा सणाचा दिवस व्हावयाचा, तो सुतकाचा दिवस झाला. कोलकात्यातील ईस्ट बंगालच्या अनुयायांनाही हा तरुण आपलाच वाटत असे. ज्याची भाषा आपणांस येत नाही, ज्याचे गाव आपण नकाशावर दाखवू शकणार नाही, अशा दूरदेशीच्या मुलासाठी हजारो लोकांनी डोळे पुसले, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. चाहत्यांच्या शोकाला भाबडेपणा म्हणून हसणारे लोक आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, नात्यागोत्याबाहेरच्या माणसासाठी ज्या समाजाला रडता येते, त्या समाजाचे अंतःकरण अजून शाबूत आहे. धेंपोने दहा क्रमांकाची जर्सी पुन्हा कोणास न देण्याचे ठरविले, तेही उचितच झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत पोर्तुगालमध्ये मिक्लोश फेहेर हा चोवीस वर्षांचा हंगेरियन खेळाडू मैदानावर असाच कोसळला होता. बेनफिका संघानेही त्याचा एकोणतीस क्रमांक असाच राखून ठेवला.

परंतु शोकाचा एक दोष असतो. त्याला लवकर कोणी तरी अपराधी हवा असतो. अभिमन्यू चक्रव्यूहात पडला तो अनेक महारथींच्या हातून. पण अर्जुनाची प्रतिज्ञा झाली ती एकट्या जयद्रथाविरुद्ध. बंगळुरूच्या त्या दुर्दैवी सामन्यानंतरही तसेच घडले. मोहन बागानचा गोलरक्षक सुव्रत पाल अगदी कोवळ्या वयाचा होता. सारा रोष त्या पोरावर एकवटला आणि महासंघानेही काही काळ त्याला खेळापासून दूर ठेवले. त्याची झेप नियमात बसत होती की नव्हती, याचा विचार पंचांनी आणि समित्यांनी करावयाचा असतो आणि तो व्हावयासच हवा. पण एखाद्या मुलाच्या माथी जन्माचे पातक मारणे निराळे. सुदैवाने तो मुलगा खचला नाही. २०११ साली कतारमध्ये आशियाई चषकात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने एकामागून एक असे फटके अडविले, की भारत हरूनही त्याचे नाव प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडी राहिले. २०१६ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. रोषाच्या त्या दिवसांत त्याने खेळ सोडला असता, तर एका अपघातात आपण दोन तरुण गमावले असते.

एक माणूस अपराधी ठरला, की बाकीचे प्रश्न आपोआप मागे पडतात, हे या रोषाचे दुसरे नुकसान होय. मैदानावर वैद्यकीय व्यवस्था काय होती? हृदय पुन्हा चालू करणारे यंत्र हाताशी होते काय? हे प्रश्न त्या वेळी देशभर विचारले गेले, आणि मग नेहमीप्रमाणे विरून गेले. ते विरून गेले असे आम्ही म्हणतो, त्याला आधार आहे. २१ मार्च २०१२ रोजी, त्याच बंगळुरू शहरात, जिल्हा पातळीवरील एका सामन्यात बंगलोर मार्स संघाचा डी. व्यंकटेश हा तरुण खेळाडू अखेरच्या क्षणांत कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षात घालून रुग्णालयात न्यावे लागले आणि तो वाचला नाही. त्याच्या केवळ चार दिवस आधी लंडनमध्ये बोल्टन संघाचा तेवीस वर्षांचा फाब्रिस मुआम्बा भर सामन्यात असाच पडला होता. मैदानावरील डॉक्टर तत्काळ धावले. प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञही खाली उतरून आला. मुआम्बाचे हृदय अठ्ठ्याहत्तर मिनिटे आपल्या बळावर चालत नव्हते. तरी तो जगला. एकाच आठवड्यातील या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून वाचकांनीच विचार करावा. मुआम्बाच्या भोवती साधने आणि ती वापरणारी माणसे तयार होती. व्यंकटेशच्या भोवती हळहळणारी माणसे पुष्कळ होती, पण साधन नव्हते.

या ठिकाणी थोडे शास्त्र समजून घेणे अवश्य आहे. धडधाकट दिसणाऱ्या तरुणाचे हृदय खेळताना एकाएकी का थांबावे? पुष्कळदा त्याच्या हृदयाच्या स्नायूंत किंवा त्यांना चालविणाऱ्या विद्युत्‌प्रवाहात जन्मजात दोष असतो आणि त्याची त्याला जाणीवही नसते. २००३ च्या जूनमध्ये फ्रान्समधील लियाँ येथे सामना चालू असता मरण पावलेला कॅमेरूनचा अठ्ठावीस वर्षांचा मार्क-विव्हियन फोए याच्या हृदयाचा स्नायू असाच प्रमाणाबाहेर जाड झालेला होता. क्वचित छातीवर नेमक्या क्षणी बसलेला आघातही हृदयाची लय बिघडवितो. अशा वेळी हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलीत नाही, आणि रक्ताविना मेंदू काही मिनिटेच तग धरतो. विजेचा धक्का देणारे यंत्र लावण्यास जितकी मिनिटे उशीर होईल, त्यांतील प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. मात्र तोवर कोणी छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहिले, तर ही घट मंदावते आणि मेंदूला रक्त पोहोचत राहते. या क्रियेस डॉक्टर लोक सी.पी.आर. म्हणतात. ती शिकण्यास पदवी लागत नाही. आठवी-नववीचा विद्यार्थीही ती शिकू शकतो.

हे ज्यांनी मनावर घेतले, त्यांना फळ मिळाले. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या तरुणांची वैद्यकीय तपासणी आणि हृदयाचा आलेख सक्तीचा केला. तेथील व्हेनेतो प्रांतात पुढील दोन तपांत तरुण खेळाडूंच्या अशा आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ नव्वद टक्क्यांनी खाली आल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा क्रिश्चन एरिक्सन फिनलंडविरुद्ध खेळताना कोसळला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, वैद्यकीय पथकाने छातीवर दाब दिला, यंत्राचा धक्का दिला, आणि त्याचे हृदय पुन्हा चालू झाले. सामना थांबलेला असता फिनलंडच्या प्रेक्षकांनी त्याचे पहिले नाव पुकारावे आणि डेन्मार्कच्या प्रेक्षकांनी आडनावाने उत्तर द्यावे, असे त्या दिवशी घडले. पुढच्याच वर्षी एरिक्सन पुन्हा मैदानात उतरला. चाहत्यांचे प्रेम त्या दिवशीही होतेच. पण त्याच्या जोडीला सिद्धता होती, म्हणून त्या प्रेमाचे शोकात रूपांतर झाले नाही.

यावर कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशांची कौतुके झाली. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी त्यांचे काय? आम्ही उलट म्हणतो, की आर्णीसारख्या गावीच त्यांची गरज अधिक आहे. येथून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. रस्ता कितीही गुळगुळीत झाला, गाडी कितीही वेगाने हाकली, तरी चाळीस किलोमीटर हे चार मिनिटांत कापता येत नाहीत. एकशेआठ क्रमांकावर फोन केलाच पाहिजे. पण रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची मिनिटे ही सर्वस्वी मैदानावर हजर असलेल्या माणसांच्या हातची असतात. मोठ्या शहरात रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. आमच्याकडे ते नाही, म्हणूनच शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हात शिकलेले असले पाहिजेत.

आणि हा प्रश्न केवळ फुटबॉलचा किंवा केवळ सामन्यांचाही नाही. पहाटे आमच्या रस्त्यांनी शेकडो मुले पोलीस आणि सैन्य भरतीसाठी धावताना दिसतात. शेतकऱ्यांची, मजुरांची ही मुले पोटभर न्याहारीही न करता धावतात, कारण त्या धावण्यावर घराचा चरितार्थ अवलंबून असतो. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत काही तरुण मृत्युमुखी पडले, तेव्हा कुठे पाच किलोमीटरच्या त्या धावेचा सरकारला फेरविचार करावा लागला. त्या मुलांसाठी कोणी जर्सी राखून ठेवली नाही. त्यांना चाहते नव्हते. फक्त आईबाप होते.

तेव्हा करावयाचे काय? सामन्यांच्या संयोजकांनी प्रत्येक सामन्याला सी.पी.आर. शिकलेली निदान दोन माणसे मैदानावर हजर ठेवावीत आणि पहिल्या बक्षिसाच्या देणगीदाराइतक्याच ठळक अक्षरांत त्यांची नावे फलकावर छापावीत. एक वाहन तयार असावे आणि त्याच्या वाटेत पाहुण्यांच्या मोटारी उभ्या राहू नयेत. खेळणाऱ्याला पूर्वी कधी भोवळ आली होती काय, छातीत दुखले होते काय, घरात कोणी तरुणपणी एकाएकी गेले आहे काय, हे तीन प्रश्न नाव नोंदवितानाच विचारावेत. उत्तर ‘होय’ असेल, तर डॉक्टरांच्या तपासणीवाचून त्याला उतरवू नये. शासनाच्या क्रीडा खात्याने तालुक्याच्या प्रत्येक क्रीडा संकुलात हृदयाला धक्का देणारे यंत्र ठेवावे आणि ते कुलुपात न ठेवता नजरेसमोर ठेवावे. शाळांनी खेळाच्या तासांपैकी वर्षाकाठी दोन तास या शिक्षणाला द्यावेत. बक्षिसांची रक्कम थोडी घटली तरी चालेल. खेळाची शोभा त्याने उणी होणार नाही.

राहिले प्रेक्षक. ज्यांचे खेळाडूंवर जिवापाड प्रेम आहे, त्यांच्याकडेच आमचे सर्वांत मोठे मागणे आहे. आवडता खेळाडू गेला की आपण मेणबत्त्या लावतो, हार घालतो, त्याच्या नावाने चषक सुरू करतो. हे सारे जरूर करावे. परंतु पुढच्या खेपेस सामन्यास जाताना संयोजकांना एवढे विचारावे, की आज येथे कोणी कोसळला तर धावणार कोण? उत्तर मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत सामना सुरू होऊ देऊ नये. क्रिस्तियानोची दहा क्रमांकाची जर्सी धेंपोने आदराने राखून ठेवली, त्याबद्दल आम्हांस आदरच आहे. आमच्या गावांत मात्र अशी एकही जर्सी राखून ठेवण्याची पाळी येऊ नये, आणि प्रत्येक मुलाने आपली जर्सी अंगात घालून, घामाने भिजवून, संध्याकाळी स्वतःच घरी न्यावी. एवढी सिद्धता यंदाच्या हंगामापासूनच झाली पाहिजे.